वेतोऱ्याचा नवरा, मिदनापूरची नवरी

पहिला दिवस : सावंतवाडी

मार्चअखेरीला घराबाहेर पडता येणं ही माझ्या निवृत्तीची पहिली खरी कमाई. चौतीस वर्षं बँकेत गेली. कोकणात काजू ऐन भरात यायचे आणि मी पुण्यात ताळेबंदाचे दोन रुपये कुठे गेले ते शोधत बसलेली असायची. आजोळचा काजूचा हंगाम शेवटचा पाहिला तो परकर-पोलक्यात.

निमित्त भाचीचं. ती दापोलीला उद्यानविद्येत एम.एस्सी. करते आणि तिचा विषय काजूची विविधता. वेंगुर्ल्यापासून कर्नाटकातल्या पुत्तूरपर्यंत काजूची झाडं बघत जायचा तिचा बेत होता. "मावशी, तुझं आजोळ वाटेतच आहे, चल," म्हणाली. मी बॅग भरली.

रात्रीची बस आंबोलीच्या अलीकडे दोन तास नुसती उभी होती, कारण कुणी सांगितलं नाही. त्यामुळे घाट उतरलो तो उजेडात, आणि सावंतवाडीच्या बाजारात पोचलो ते थेट ओल्या काजूगरांच्या टोपल्यांसमोर. ओले गर इथे वजनावर नाही, शेकड्यावर विकतात. एक बाई मांडीवर फडकं पसरून पाच-पाच गरांच्या ढिगल्या मोजत होती. बोटांची टोकं चिकाने काळी पडलेली.

मी दोनशे घेतले. भाचीने त्यातले वीस-पंचवीस तळहातावर पसरले. "बघ, एक तरी दुसऱ्यासारखा आहे का?" काही टपोरे, काही लांबुडके, एक तर चवळीच्या दाण्याहून जेमतेम मोठा. "हे गावठी झाडांचे. प्रत्येक झाड वेगळं."

कारण तिने रिक्षात बसल्यावर सांगितलं. काजूच्या एकाच मोहोरात दोन तऱ्हेची फुलं असतात, नुसती नर आणि द्विलिंगी. नर फुलांचाच भरणा फार. परागकण चिकट, ते वाऱ्यावर उडत नाहीत, माश्या-मुंग्या नेतील तिकडे जातात. म्हणजे बीची आई ठाऊक असते, बाप शेजारच्या कुठल्या बांधावरचा ते कुणालाच माहीत नसतं. गोड बोंडूच्या (बीच्या वरच्या रसाळ फळाच्या) झाडाची मोठी बी हौसेने पेरली तरी दहा वर्षांनी त्याला तुरट बोंडू आणि चिमुकली बी लागू शकते. "बी कधी आईवर जात नाही," ती म्हणाली. आमच्या रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. त्याला बहुधा वाटलं, घरातल्याच कुणाबद्दल चाललंय.

दुसरा दिवस : वेंगुर्ले

वेंगुर्ल्याला बंदर आहे, डचांच्या वखारीचे अवशेष आहेत, दीपगृह आहे. आम्ही यातलं काही पाहिलं नाही. सकाळी आठलाच प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात हजर झालो.

हे केंद्र १९५७ पासूनचं. आता ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली येतं. कोकणात काजू लावणाऱ्या माणसाच्या तोंडी 'चार नंबर', 'सात नंबर' असे आकडे असतात ते इथलेच : वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. मला वाटायचं, हे प्रयोगशाळेत बनवलेलं काहीतरी असणार. प्रत्यक्षात या आकड्यांची मुळं इथल्याच गावांत निघाली.

वेंगुर्ला-१ हे जातिवंत नाव धारण करणारं झाड मुळात आणसूरचं. आणसूर हे वेंगुर्ले तालुक्यातलं गाव. तिथल्या बियांपासून वाढलेल्या झाडांतलं एक चांगलं झाड निवडलं, त्याची कलमं केली आणि १९७४ मध्ये ती जात म्हणून बाहेर आली. त्यानंतर संकर सुरू झाले. वेंगुर्ला-३ म्हणजे आणसूर-१ आणि वेतोरे-५६ यांचं अपत्य. वेतोरे हेही याच तालुक्यातलं. म्हणजे शेजारच्या गावात सोयरीक. वेंगुर्ला-४ मात्र लांबचं स्थळ. आई बंगालची, 'मिदनापूर रेड', आणि बाप वेतोरे-५६. ही जात १९८१ ची. वेतोऱ्याचा हा नवरा भलताच चालला, कारण वेंगुर्ला-६ मध्ये पुन्हा तोच, या वेळी आईच्या जागी. (झाडांत ही सोय असते.) वेंगुर्ला-७ ची आई वेंगुर्ला-३, बाप तमिळनाडूतल्या वृद्धाचलमकडचा 'एम १०/४'. ही १९९७ मध्ये आली आणि तिची बी सरासरी दहा ग्रॅमची. शंभर बियांना एक किलो! वेंगुर्ला-१ ची सहा ग्रॅमच्या आसपास. गावठीत चार ग्रॅमची बीही मुकाट्याने चालवून घ्यायची.

भाचीने हे सगळं वंशावळीसारखं वहीत काढलं. कागदावर बघताना माझ्यातली बँकवाली जागी झाली. इतक्या साऱ्या जाती, पण खाली जाऊन पाहावं तर तीच तीच चार-पाच खाती फिरून फिरून येतात. आणसूर, वेतोरे, एक बंगाली, एक तमिळ, एक मैसूरकडचा. कोकणच्या हजारो एकरांवर आज जी कलमं उभी आहेत त्यांचं भांडवल एवढंच. आणि एका जातीची सगळी कलमं म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या, वेगवेगळ्या जमिनींत उभ्या केलेल्या. ढेकण्याला, म्हणजे मोहोराचा रस शोषणाऱ्या त्या लालसर-काळ्या किडीला, एका कलमाचा मोहोर आवडला तर सगळ्यांचाच आवडणार.

रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या बायका बसल्या होत्या. चाळीस-पन्नास दिवसांचं रोप वरून छाटायचं, खोडाला मधोमध चीर द्यायची, जातिवंत झाडाच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची, वर पिशवीची टोपी. एका कलमाला मिनिटभरही लागत नव्हतं. मी विचारलं, खालचं रोप कुठलं? एकीने हसून शेजारच्या पोत्याकडे बोट केलं. मिसळीच्या बिया.

भाचीच्या दृष्टीने यात काही नवीन नव्हतं, मला मात्र मजा वाटली. सात नंबरच्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी, मातीखाली, एक बेनामी गावठी काजू उभा आहे. वरचा सगळ्यांना ठाऊक, खालचा कुणाच्या दफ्तरात नाही. खालून चुकून धुमारा फुटला की माळी तो लगेच खुडून टाकतो.

दुपारी आणसूरला जाऊन आलो. 'ते' झाड कुठे होतं हे सांगणारं कुणी भेटलं नाही. एका म्हाताऱ्याने आम्हाला त्याच्या सात नंबरच्या बागेतून मात्र अभिमानाने फिरवलं.

तिसरा दिवस : आजोळ

आजोळ सावंतवाडीहून दोडामार्गाच्या वाटेवर. मामा ओसरीवरच उभा. "इलास काय गो?" म्हणाला आणि माझ्याआधी भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. मामी आत घावण्यांचं भिडं तापवत होती.

न्याहरी होताच मामा आम्हाला डोंगरकुशीला घेऊन गेला. खालच्या अंगाला कलमं, ओळीत, बुंध्याशी चुना-मोरचुदाचा पांढरा पट्टा. वरच्या अंगाला गावठी. त्यांना ओळ नाही की माप नाही. कुणी आडवा वाढलेला, कुणी कातळातून वाकडा निघालेला. लाल बोंडू, पिवळे बोंडू, एकाचे तर नारिंगी, लांब, ढब्बू मिरचीसारखे. आमच्याकडे बोंडूला मुरटाही म्हणतात. मी तीन झाडांचे मुरटे खाल्ले. पहिला गोड, दुसऱ्याने घसा धरला, तिसऱ्याला चव म्हणून नव्हती, नुसतं पाणी.

कातळाच्या कडेला एक जुनं झाड आहे. बुंधा दोघांच्या कवेत मावेल न मावेल.

"हां कोणी लायला?" मी विचारलं.

"कोणीच नाय. वाघळान टाकल्यान बी," मामा म्हणाला.

वटवाघळं बोंडू घेऊन उडतात, लांब कुठेतरी बसून खातात आणि बी खाली टाकतात. त्यांना बीच्या चिकाचा भाजका डंख ठाऊक असतो. सगळ्या कोकणभर अशा वाघळांनी पेरलेल्या झाडांची संख्या कुणी मोजली नसेल. आणि हे झाड मी ओळखलं! लहानपणी शिमग्याच्या सुमारास आम्ही काजूबियांनी खेळायचो. जमिनीवर बियांची रांग मांडायची आणि लांबून एका मोठ्या बीने ती उडवायची. मारायच्या बीवर सगळा खेळ. ती जड हवी, पोटाला गोल हवी, फेकल्यावर भलतीकडे वळता कामा नये. सगळ्या वाडीतल्या पोरांना माहीत होतं की अशी बी एकाच झाडाची. कातळावरच्या. एका कातळाच्या बीला आम्ही दहा साध्या बिया मोजायचो.

भाचीने वही काढली. "मावशी, विद्यापीठाची माणसं सर्वेक्षणाला गावात जातात तेव्हा हेच विचारतात. मोठी बी कुठल्या झाडाची? घोसाला किती धरतात? मोहोर कधी? तुम्ही पोरांनी ते आधीच करून ठेवलं होतं."

मामाने शांतपणे सांगितलं की पावसाआधी तो हे झाड काढणार आहे. त्याच्या बुडाशी भुसा पडलेला होता. रोठा लागलाय, म्हणजे अळी खोड आणि मुळं आतून पोखरत चालली आहे. शिवाय हे झाड उशिरा मोहरतं. सगळ्यांचा काजू विकून झाल्यावर याच्या बिया पडायला लागतात, त्या गोळा करायला मजूर मिळत नाही. त्याच्या जागी आठ कलमं बसतील. मामाचा हिशोब चुकीचा नव्हता. मी तरी त्यात खोट काढू शकले नाही.

भाची मात्र 'उशिरा' या शब्दाला अडकली. "ढेकण्या येतो का याच्यावर, मामाआजोबा?" मामा थोडा वेळ गप्प राहिला. "खालच्या कलमांका जास्त येता. हेका तितको नाय." मग आपणच म्हणाला, "कोण बघता म्हणा वर चढान."

उतरताना तिने खाली पडलेल्या पंधरा-वीस बिया वेचून रुमालात बांधल्या.

वाटेत मी एक चूक केली. ओढ्याजवळ एक झाड दिसलं, पानं मोठी, साल खरबरीत, आणि फांदीला वाळलेली काळी फळं. बिब्बा. बघायला म्हणून फांदी वाकवली, देठ मोडला आणि चीक मनगटावर. मामी संध्याकाळी खोबरेल लावत होती तेव्हा फोड आलेच होते. पण त्या झाडापाशी भाचीने जे दाखवलं ते विसरणार नाही. बिब्ब्याचं फळही काजूसारखंच असतं. वर मांसल नारिंगी देठ, पिकल्यावर तो खाता येतो, आणि त्याच्या टोकाला, बाहेर, काळी बी. बीच्या कवचात तोच जाळणारा चीक, आत गोड गर. डिंकाच्या लाडवात आपण घालतो ती गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. आंबा, काजू, बिब्बा, चारोळी ही सगळी एका कुळातली भावंडं.

पोर्तुगीज काजू घेऊन आले तेव्हा लोकांनी हे साम्य ताबडतोब हेरलं असणार. गोव्यात कोकणी बोलणारी घरं ओल्या काजूगराला अजून 'बिब्बे' म्हणतात. काजूचं शास्त्रीय नाव अ‍ॅनाकार्डियम, तेसुद्धा आधी युरोपातल्या औषधविक्यांकडे बिब्ब्याचं होतं, लिनिअसने ते काजूला देऊन टाकलं. म्हणजे पाहुण्याने घरच्याचं नावच घेतलं. पण नातं इतपतच. बिब्ब्याचा आणि काजूचा संकर होत नाही. काजूला एखाद्या किडीपासून वाचवायला बिब्ब्याचे गुण उपयोगी पडायचे नाहीत. काजूचे खरे रानटी सगेसोयरे सगळे समुद्रापलीकडे, दक्षिण आणि मध्य अमेरिकेत.

संध्याकाळी गावातला काजू कारखाना पाहिला. नाव कारखाना, तशी ती एक लांब पडवी. बिया वाफवून, रात्रभर निववून, हातपायांनी चालवायच्या कटरवर बायका त्या फोडत होत्या. मालक म्हणाला, गावठी माल नको वाटतो, कारण मोठी-लहान बी एकत्र आली की पातं गराला लागतं आणि तुकडा पडतो. अख्ख्या गराला भाव, तुकड्याला तितका नाही. डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडाला साधारण २४० गर. त्या आकड्यात बसायचं तर बी एकसारखी हवी. एका कोपऱ्यात आफ्रिकेतून आलेली पोती होती. देशातल्या कारखान्यांना पुरेल इतका कच्चा काजू आपल्याकडे पिकत नाही, बाहेरून आणावा लागतो.

मनगट रात्रभर ठणकत होतं.

चौथा दिवस : बांबर्डे, सत्तरी

मामाने गाडी दिली, सोबत सूचना दिली : हत्ती दिसला तर हॉर्न वाजवू नको. दोडामार्ग तालुक्यात गेली वीसेक वर्षं कर्नाटकातून आलेले रानहत्ती फिरतात. आम्हाला फक्त मोडलेल्या केळी दिसल्या. त्याहून जास्त दिसलं ते रबर. मैलोन्‌मैल सरळ रेषेत उभी झाडं आणि प्रत्येकाच्या गळ्यात वाटी.

हेवाळे-बांबर्ड्याची भालांडेश्वराची राई ही जेमतेम अडीच हेक्टरांची. देवाची म्हणून राहिली, आता जैवविविधता वारसा स्थळ झाली आहे. आत पाय ठेवला की जमीन थंड, पाणथळ, आणि चिखलातून मुळांच्या कमानी वर आलेल्या. काही झाडांची मुळं गुडघा मोडून बसल्यासारखी. ही मायरिस्टिका, जायफळाची रानटी बहीण. बागेतलं जायफळ इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरून आलेलं, पण त्याच्या नात्यातली झाडं सह्याद्रीत कधीपासूनची आहेत. बिर्याणीच्या मसाल्यातली रामपत्री त्यांतल्याच एकीची. जायफळाच्या बागायतदाराला सोयरे शोधायला चार कोसांवर जाता येतं. काजूवाल्याला ब्राझील गाठावं लागतं. भाची बराच वेळ चिखलात उभी होती. जळवा लागल्या तेव्हा बाहेर आलो.

दुपारी डिचोलीवरून गोव्यातल्या सत्तरीत. रस्त्यावरूनच वास येतो. ओळखीतून काजूची दारू गाळणाऱ्या एका भट्टीवर गेलो. बोंडू झाडावरून तोडायचे नाहीत, आपोआप गळलेलेच घ्यायचे, हा इथला नियम. बायका टोकाला खिळा लावलेल्या काठीने ते टोचून टोपलीत टाकत होत्या, बी पिळून वेगळी. बोंडू पायांनी तुडवायचे, रस आंबवायचा, पहिल्या उकळीला हुर्राक, दुसऱ्याला फेणी. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मी हुर्राकाचा एक घोट घेतला, लिंबू-मीठ घालून. निवृत्तीची दुसरी कमाई.

भट्टीवाल्याला मी विचारलं, कलमं का नाही लावत? त्याने मान हलवली. कलम बीसाठी, तो म्हणाला, आपल्याला रस पाहिजे. त्याच्या डोंगरावर तीनशेच्या वर झाडं, सगळी बीची. कुठली लवकर गळतात, कुठली मागाहून, त्यामुळे भट्टी दोन-अडीच महिने चालते. सगळी एकदम पिकली तर रस ठेवायचा कुठे? कारखानदाराला जो घोळ वाटतो त्यावर याचं पोट चालतं. म्हणून असेल, गोव्याच्या डोंगरांवर अजून इतका तऱ्हेतऱ्हेचा काजू उभा आहे.

मडगावला मुक्काम. लॉजचा पंखा आवाज करत होता, फिरत नव्हता.

पाचवा दिवस : रेल्वेत

मडगाव सोडल्यावर थोड्या वेळाने बाळ्ळी स्टेशन येतं. भाचीने मला खिडकीशी ओढलं. "गोवा-१ इथली!" जुन्या गोव्याजवळच्या एला इथल्या केंद्राने १९९९ मध्ये काढलेली ही जात. मूळ नाव बाळ्ळी-२. पुन्हा तेच, गावातलं एक झाड. स्टेशन गेलं, मागे नुसते डोंगर.

मंगळूरपर्यंत वेळच वेळ होता. तिने मला ब्राझील सांगितलं. 'काजू' हा शब्दच तिथला. तुपी लोक 'अकाजू' म्हणायचे, पोर्तुगीजांनी 'काजू' केलं, आपण तो जसाच्या तसा ठेवला. सोळाव्या शतकात जहाजातून बिया आल्या. किती, कुणी लिहून ठेवलं नाही, पण पोतंभर जरी म्हटलं तरी ब्राझीलच्या सगळ्या काजूतली ती चिमूटच. त्या चिमटीतून पश्चिम किनारा भरला. झाडं आपापसांत मिसळत राहिली म्हणून इतकी रूपं निघाली. पण जे गुण जहाजात चढलेच नाहीत ते इथे कुठून यायचे?

तिथे राहिलेल्यांची यादी ऐकून मी थक्क झाले. अ‍ॅनाकार्डियम हुमिले, सवानाच्या गवतात वाढणारं गुडघाभर झुडूप. त्याचं खोड जमिनीखाली असतं, वणवा वरून निघून जातो. अ‍ॅनाकार्डियम एक्सेल्सम, चाळीस मीटरांच्या पुढे जाणारा वृक्ष, त्याच्या बीला बोंडू जवळजवळ नसतोच. अ‍ॅमेझॉनकडचा जायगँटियम, नावाप्रमाणे राक्षसी. जर्मनीत मेसेलच्या खाणीत तर काजूचा जीवाश्म सापडला आहे, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचा, देठ-बीसकट. म्हणजे एकेकाळी युरोपातही काजू रुजला होता.

मी म्हटलं, हे सगळं असलं तर आणून लाव की. ती हसली. दुसऱ्या देशाचं रानटी झाड असं बॅगेत घालून आणता येत नाही, कायदे आहेत, परवाने आहेत. आणि आणलं तरी संकर जमेल याची खात्री नसते. जमला तर पुढच्या पिढीत बी वाटाण्याएवढी निघते, मग ती मोठी करायला पुन्हा वीस वर्षं. ब्राझीलमध्येही वेगळं नाही. तिथल्या सेआरा राज्यात बुटक्या काजूची 'सीसीपी-७६' ही जात १९८३ मध्ये आली आणि ती इतकी लागली की तिथले लोकही आता एकाच फांदीवर बसलेत अशी चिंता करतात.

मंगळुरात उतरून पुत्तूरची बस. रात्री नीर डोसे.

सहावा दिवस : पुत्तूर

१९८६ पासून इथे काजूचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आता संचालनालय. आम्ही आलो होतो ते त्यांच्या जनुक संग्रहासाठी. गव्हा-भाताचं बियाणं डब्यात घालून थंड ठेवता येतं. काजूची बी तशी वर्षानुवर्षं टिकत नाही, आणि टिकली तरी उपयोग नाही, कारण ती आईवर जात नाही. म्हणून काजूची बँक म्हणजे उघड्या माळावरची बाग. देशभरातून गोळा केलेली पाचशेहून अधिक निरनिराळी झाडं, कलमाने वाढवलेली, प्रत्येकाला क्रमांकाची पट्टी.

बँक म्हटल्यावर मी उत्साहाने गेले होते. पण ही कुलूप लावता येणारी तिजोरी नव्हे. वादळ आलं, रोठा लागला, आग लागली तर ठेव गेली. एका ओळीत दोन खड्डे रिकामे होते.

आम्हाला फिरवणारे शास्त्रज्ञ कन्नड वळणाचं हिंदी बोलत. त्यांनी एका झाडाशी थांबून विचारलं, "आप गोवा से आए ना? यह भी." भास्करा ही त्यांची प्रसिद्ध जात. तिचं मूळ नाव गोवा ११/६. गोव्यातून आणलेलं झाड इथे वर्षानुवर्षं पाहिलं, तेव्हा कळलं की ते मोहरतं जरा मागाहून. ढेकण्याचा जोर लवकर आलेल्या मोहोरावर पडून जातो आणि किडीचा कहर फार नसेल तर हे झाड निसटतं. पूर्ण प्रतिकार असलेला काजू अजून कुणाला सापडलेला नाही. निसटणं, हीच सध्या मोठी गोष्ट.

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या रुमालाकडे.

पुढे कडेच्या ओळीत बोटभर बोंडू असलेली झाडं होती, पट्टीवर मायक्रोकार्पम. त्यांच्याजवळ ओथोनियानम. ब्राझीलचे सोयरे! मी हात जोडणार तेवढ्यात ते म्हणाले, काही वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांना वेगळी प्रजाती मानतच नाहीत, आपल्याच काजूची रूपं म्हणतात. म्हणजे इतक्या लांब येऊन पुन्हा घरचेच भेटले.

कार्यालयात भाचीने गाठ सोडली. त्यांनी एकेक बी वजनकाट्यावर ठेवली. नऊ ग्रॅमच्या खाली एकही नव्हती, दोन दहाच्या वर. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला आणि प्रश्न सुरू झाले. गाव, उंची, जमीन, झाडाचं अंदाजे वय, मोहोर कधी, घोसाला किती बिया, बोंडूचा रंग. शेवटच्या तीन प्रश्नांची उत्तरं मी दिली. शिमग्याच्या खेळातून.

"लेकिन बीज से क्या होगा," ते म्हणाले आणि बिया परत रुमालात ठेवल्या. यात त्या झाडाचा अर्धाच वाटा, उरलेला शेजारच्याचा. झाड हवं तर काडी हवी. न मोहरलेल्या फांदीची, पेन्सिलीएवढी जाड. आधी आठवडाभर तिची पानं देठ ठेवून कापायची म्हणजे टोकाचे डोळे फुगतात, मग काडी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळायची. तीन-चार दिवस टिकते. आधी दापोली-वेंगुर्ल्याला द्या, ते म्हणाले, तुमच्या जवळचं तेच.

व्हरांड्यातून भाचीने मामाला फोन लावला. स्पीकरवर.

"मामाआजोबा, कातळावरचं झाड तोडू नका हां इतक्यात."

"तोडूक माणूस खय गावता? सगळे काजू वेचूक गेलेत."

तिने पानं कशी कापायची ते दोनदा समजावलं. बुडाशी अळीची भोकं असतील तिथली साल तासून अळी काढा म्हणाली. मामा हूं हूं करत होता. आठ दिवसांनी काड्या न्यायला ती जाणार असं ठरलं, परीक्षेच्या दोन दिवस आधी. तिच्या आईला हे अजून कळलेलं नाही, म्हणून इथे लिहिताना मला जरा भीती वाटते.

परतीच्या गाडीत, कारवारच्या आसपास, मामाचा फोटो आला. शिडी झाडाला लावलेली, मामी खाली शिडी धरून, आणि वर मामाच्या हातात मामीची शिवणाची कात्री. पानं कापलेली फांदी फोटोत पुढेच होती. तिला बोंडू लटकत होते.

"मोहरलेली नको म्हटलं होतं ना!" भाची ओरडली आणि पुन्हा फोन लावायला लागली. बोगदा आला, रेंज गेली.